विरहाची विहीर

२ डिसेंबर, सोमवार

नाटकाचा पेपर माझ्या गळ्यात पडला. आमच्या विभागप्रमुख शुभदा मॅडमनी सकाळी बोलावलं आणि टेबलावरून पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "दुसऱ्या वर्षाला हे आता तू शिकव, रुपाली. सर निवृत्त झाले, दुसरं कोण आहे?" चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कॉमेडी. एम.ए.ला मी ती एकदाच वाचली होती, तीही गाइडमधून. हे फक्त या वहीत लिहिते.

तासिका तत्त्वावर माझं हे नववं वर्ष. फेब्रुवारीत कायम जागेच्या मुलाखती आहेत, इंग्रजीला एकच जागा. त्याआधी जानेवारीअखेर तपासणी समिती येणार, म्हणून प्राचार्यांनी प्रत्येक विभागाला काहीतरी वेगळं करून दाखवायला सांगितलंय. बैठकीत माझ्या तोंडून निघून गेलं, की आम्ही या नाटकातला एक प्रवेश मराठी करून मुलांकडून बसवू. प्राचार्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की." तेव्हापासून चैन नाही. दुपारभर एका जागी बसवलं नाही, तीनदा चहा झाला.

नाटक असं आहे. हातमोज्यांच्या एका व्यापाऱ्याची श्रीमंत विधवा. तिच्याशी लग्न करायला टपलेले दोघे लबाड. आणि या तिघांमध्ये निरोपांची ने-आण करणारी खेड्यातली दासी. ती मोठमोठे शब्द ऐकते आणि भलतेच करून सांगते. त्या घोटाळ्यात दोघांचं पितळ उघडं पडतं. सगळी गंमत दासीची.

५ डिसेंबर, गुरुवार

पहिला तास. फळ्यावर शब्द लिहिले. सॉलिलॉकी म्हणजे स्वगत, असाइड म्हणजे जनांतिक, पन म्हणजे श्लेष. पात्र चुकीचा शब्द वापरतं आणि त्यातून हसू येतं, तो शब्दविपर्यास. सव्वीस मुलं खाली माना घालून उतरवून घेत होती. विचारलं, जनांतिक कुणाला कळलं? 

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. हजेरीत तिचं नाव घेतलं की वर्ग हसतो. अंबुबाई येडू. वीस वर्षांच्या मुलीचं नाव अंबुबाई. मंगळवेढ्याकडून रोज एसटीनं येते, घरी मेंढरं आहेत. म्हणाली, "म्हंजी म्याडम, भाकरी थापताना सासूला बोलायचं असतंया, पन बोलता येत न्हाय. मग आपन चुलीला बोलतो. सासूनं ऐकलं तरी ऐकलं न्हाय असं धरायचं. तसंच की."

वर्ग फुटला. व्याख्या बरोबर होती, पण परीक्षेत चूल लिहिली तर गुण कोण देणार? मी म्हणाले, "आता नीट मराठीत सांग." ती म्हणाली, "मराठीतच सांगितलं की." परत हशा. पोरगी धीट आहे.

तासानंतर तिला बाजूला घेऊन विचारलं, हजेरीत अंबिका लिहू का. तिच्याच भल्यासाठी. तर म्हणते, "न्हाय म्याडम. आज्जीचं नाव हाय. ऱ्हाऊ द्या."

९ डिसेंबर, सोमवार

दोन दिवस भाषांतर चाललंय. विधवेच्या एकेका पल्लेदार वाक्याला अर्धा अर्धा तास जातो. लिहिते, खोडते, खिडकीपाशी जाते, परत येते. दासीला मात्र गावाकडची बोली दिली. मूळ इंग्रजीत तसं नाही. तिथे ती बाकीच्यांसारखीच बोलते, फक्त शब्द चुकवते. पण तेवढ्यानं आपल्याकडे कोणी हसणार नाही असं वाटलं.

गंमत म्हणजे दासीची चार पानं एका बैठकीत झाली. खोडावं लागलं नाही. विधवेच्या दारी तिला मागणी घालायला एक जण येतो, अनुनय करायला. दासी आत येऊन सांगते, "बाईसाब, पाव्हनं आल्यात तुमचा अनुवाद कराया." मग म्हणते, "त्यास्नी तुमची लई विहीर झालीया." म्हणजे विरह. लिहिताना मलाच हसू फुटलं. हे मला इतकं सहज कसं जमलं कोण जाणे.

११ डिसेंबर, बुधवार

पात्रं ठरवली. अंबुबाई विधवेच्या भूमिकेसाठी उभी राहिली याचं नवल वाटलं. तिनं विधवेचं ते मोठं भाषण इंग्रजीतून पाठ केलं होतं, अख्खं, एकही ओळ न गाळता. उच्चार अर्थात तिचेच. मी म्हणाले, "पाठांतर छान आहे. पण विधवा शहरातली आहे, घरंदाज. तू दासी कर. तुला वेगळं काही करावंच लागणार नाही, नुसतं बोललीस तरी झालं."

"बरं," म्हणाली. खूश दिसली. निदान नाखूश तरी दिसली नाही.

विधवा पूनमला दिली, दोन मागणीदारांतला मोठा दीपकला. दीपक सोलापूरचाच, तोंडाळ आहे पण रंगमंचावर चालेल.

१४ डिसेंबर, शनिवार

स्टाफरूममध्ये आज सगळ्यांना चुलीची व्याख्या सांगितली. अंबुबाईचा आवाज काढून, हातवाऱ्यांसकट. भूगोलाचे सर डोळे पुसेपर्यंत हसले. वळून बघते तर ती दारात उभी, हातात सहीसाठी आणलेली वही. ऐकलं असेल तर तिलाही हसू आलं असेल. हसरी आहे ती.

शुभदा मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी तिला विचारलं, "कोणाची सही हवीय गं तुला?" ती म्हणाली, "नंतर येते," आणि गेली.

१८ डिसेंबर, बुधवार

आमची ऋतुजा सात वर्षांची झाली तरी अजून "व्हय" म्हणते. दिवाळीत आठवडाभर माझ्या आईकडे राहिली, तिथून घेऊन आलीय. मी प्रत्येक वेळी थांबवते, "हो म्हण." जेवताना जोतिराम म्हणाले, "अगं, बोलू दे की पोरीला."

मी म्हणाले, "शाळेत ऐकून तिला घ्यावं लागेल, तुम्हाला नाही."

मी अकरावीला सोलापुरात आले तेव्हा तीन महिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. मग आरशासमोर उभी राहून आहे, नाही, आम्ही, तुम्ही, कुठे, इथे, असं घोकायला लागले. एक वर्ष लागलं. जोतिराम म्हणतात, मी घरात भांडले तरी पुस्तकातलं भांडते. असो, त्याचा इथे काही संबंध नाही.

२२ डिसेंबर, रविवार

माहेरी जाऊन आले. शेतात हुरडा होता, आईनं फडकं भरून बांधून दिला. परतताना ती मंगळवेढा स्टँडवर सोडायला आली होती. सोलापूर गाडी लागली आणि आईला आठवलं, शेंगाचटणीचा डबा घरीच राहिला. ती परत जायला निघाली. मी गाडीच्या दारातून हाका मारल्या, "ऱ्हाऊ दे की गं आई. कुटं पळतीस आता? गाडी सुटंल. म्होरल्या आयतवारी मी येती की."

आणि पाहिलं तर दोन हातांवर अंबुबाई उभी. डोक्याला रुमाल, हातात पिशवी. ती गाडीत चढली नाही. तिला बहुधा दुसरीकडे जायचं असावं. मी मान हलवली, तिनंही हलवली.

तिनं पाहिलं, पण ऐकलं नसावं. गाडी सुरू होती, आवाज बराच होता.

२४ डिसेंबर, मंगळवार

ऐकलंय बहुतेक.

आज तालमीत ती दासीची वाक्यं सपाट बोलायला लागली. "बाईसाहेब, पाहुणे आले आहेत." जसं काही धडा वाचतेय. सगळी मजा गेली. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा चिडून म्हणाले, "अगं, तू नेहमी बोलतेस तसं बोल."

ती म्हणाली, "तुमी म्हनून दावा की म्याडम."

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. ती पण.  मी म्हणाले, "मला नाही जमत तसं. तुझं ते नैसर्गिक आहे."

 ती "बरं" म्हणाली आणि सगळा प्रवेश हवा तसा करून दाखवला. दीपक तर जमिनीवर लोळला. काम झालं.  तरी घरी येताना नेहमीच्या सात रस्त्याला उतरायचं सोडून पुढच्या थांब्यावर गेले आणि चालत परत आले.

३ जानेवारी, शुक्रवार

प्राचार्यांनी तालीम पाहिली. हसून हसून खोकला लागला त्यांना. "मॅडम, ही पोरगी हिरा आहे. समितीला हेच दाखवा." मुलाखतीच्या पॅनेलवर ते असणार, हे काही मी विसरलेले नाही.

अंबुबाई कॉलेजात प्रसिद्ध झालीय. कँटीनमध्ये पोरं तिला "ए विहीर" म्हणून हाक मारतात. दीपक तिच्या मागे मागे, "लई विहीर झालीया, काय करलालीस?" असं काहीबाही बोलत असतो. वर्षभर जिच्याकडे कोणी बघत नव्हतं तिला आता सगळे ओळखतात. नाटकानं माणसाला आत्मविश्वास येतो तो असा. मुलाखतीत हे उदाहरण सांगता येईल.

१३ जानेवारी, सोमवार

गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी सुरू झाली, पण मला सुट्टी लागत नाही. अंबुबाई गुरुवारपासून आलेली नाही. फोन बंद. पूनमला विचारलं तर म्हणते, "बरं नसेल मॅडम," आणि नजर चुकवते.

शनिवारी शुभदा मॅडमनी थांबवून घेतलं होतं. विचारलं, "तुझ्या प्रवेशात लोक नेमकं कशाला हसतात?"

मी म्हणाले, "शब्दविपर्यासाला. दासी शब्द चुकवते त्याला."

"असं?" म्हणाल्या आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या. मग सांगू लागल्या. "मी एफ.वाय.ला होते. वडील नगरपालिकेत सफाईला, आम्ही राहायला वस्तीत. मी 'आनि' म्हणायचे, 'पानी' म्हणायचे. एका सरांनी मला उभं करून तासभर 'आणि, पाणी, लोणी' म्हणायला लावलं. वर्ग हसत होता. तीस वर्षं झाली. सर वाईट नव्हते गं. त्यांना वाटत होतं ते मला शिकवतायत."

मला राग आला. मी काय कोणाला तासभर उभं केलंय? उलट त्या मुलीला मी मुख्य भूमिका दिली. बाईंची नोकरी पक्की आहे, त्यांना हे असं बोलायला परवडतं. तरी दोन दिवस ते 'आणि, पाणी' डोक्यातून जात नाही.

२० जानेवारी, सोमवार

अंबुबाई आली. अकरा दिवसांनी. विभागात मी एकटी होते. तिनं तिची संवादांची प्रत टेबलावर ठेवली.

"म्याडम, मी नाटक करनार न्हाय."

मी विचारलं का. म्हणाली, "लोक हसत्यात."

"अगं, कॉमेडी आहे ती. हसायलाच हवं. दासी शब्द चुकवते म्हणून हसतात, तुला थोडेच हसतात?"

ती उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, "मी मोजलं म्याडम. 'विहीर' म्हनायच्या आदीच हसत्यात. 'पाव्हनं आल्यात' म्हनलं की हसत्यात. तुमी शिकवला तो शब्दविपर्यास म्हंजी चुकीचा शबूद. 'आल्यात' चुकीचा कुटं हाय? आमच्यात त्यो बरूबरच हाय. विहीर चुकली तर दाशी चुकली. 'आल्यात'मदी मी काय चुकले?"

 तेव्हा मला जे सुचलं तेच इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी ते नाकारीन. मी म्हणाले, "समिती आठ दिवसांवर आलीय. असं मधेच सोडून चालत नाही. अंतर्गत गुण माझ्याच हातात आहेत, माहितीय ना?"

ती म्हणाली, "द्या की काय द्यायचं ते." रागानं नाही, साध्या आवाजात. आणि गेली.

तिच्या प्रतीत समासात पेन्सिलीनं माझी दोन वाक्यं दुरुस्त केलेली होती. मी लिहिलं होतं 'कराया जाती हाय'. तिनं केलंय 'कराया चाललीया'. तिचं बरोबर आहे. आमच्याकडे तसंच म्हणतात.

२२ जानेवारी, बुधवार

दासी करायला कोणी तयार नाही. चार मुलींना विचारलं. शेवटी पूनमलाच म्हणाले, तू दासी कर, विधवा दुसरी कोणी करेल. ती म्हणाली, "नको मॅडम. नंतर तेच नाव पडतं."

"कसलं नाव?"

"तिच्या एसटीतपण विहीर म्हणायला लागलेत, मॅडम. तिच्या गावातली पोरं कॉलेजला येतात ना, त्यांनी तिकडे नेलं. दीपकनं तालमीचा व्हिडिओ टाकला होता ग्रुपवर. तिच्या वडिलांनी पाहिला."

"काय म्हणाले वडील?"

"काही नाही म्हणे. चारदा पाहिला आणि तिला विचारलं, ही लोकं का हसायलीत?"

दीपकला बोलावून व्हिडिओ काढायला लावला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर हसत होतात." व्हिडिओत माझं हसणं स्पष्ट ऐकू येतं. सगळ्यांपेक्षा मोठं.

२५ जानेवारी, शनिवार

प्राचार्यांना सांगितलं, प्रवेश रद्द करू. ते म्हणाले, कार्यक्रमपत्रिका छापून झाली. शुभदा मॅडमकडे गेले. वाटलं त्या म्हणतील, मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "दासीची वाक्यं कोणाला पाठ आहेत?"

"मलाच फक्त."

"मग?"

त्यांना माझं काही माहीत नाही. नऊ वर्षांत त्यांच्यासमोर मी आईचा फोन कधी घेतला नाही, बाहेर पॅसेजच्या टोकाला जाते. त्यांनी 'मग' म्हटलं आणि मी सरळ घरी निघून आले.

सगळी दुपार घरात फेऱ्या मारल्या. दासीला साधी मराठी देऊ म्हणून कागद घेऊन बसले. 'पाहुणे आले आहेत' लिहिलं आणि वाचलं. मेलेलं वाक्य. खोडलं.

२८ जानेवारी, मंगळवार

झालं.

समिती पहिल्या रांगेत. तिघांपैकी दोघांना मराठी येत नव्हतं, एक तर सारखे फोन बघत होते. ज्यांच्यासाठी दोन महिने झोप उडवली ते हे. मागे सगळं कॉलेज, स्टाफ, प्राचार्य. मी दासीचं नऊवारी लुगडं नेसून विंगेत उभी होते. पूनमनं विधवेचं भाषण संपवलं. मी आत गेले.

"बाईसाब, पाव्हनं आल्यात."

एवढंच म्हणाले. सभागृह हसलं. अजून अनुवाद यायचा होता, विहीर यायची होती. त्याच्या आधीच हसलं. अंबुबाईनं मोजलं होतं तसंच. समोर भूगोलाचे सर मांडीवर थापा मारत होते. मला माझी आई दिसली, हुरड्याचं फडकं बांधताना. ती याच शब्दांत बोलते, रोज, आणि तिला वाटतं ती नुसतं बोलतेय.

मी पुढे बोलत गेले. तोंडातून आपोआप येत होतं. विहीर आली, परत हशा. मग पूनमचं ते वाक्य आलं, मीच घातलेलं, मुळात नसलेलं: "नीट बोल गं." यावर दासीनं कान पकडायचे आणि लोकांनी हसायचं, असं बसवलं होतं. माझे हात वर गेले नाहीत. मी म्हणाले, "नीटच बोलती की बाईसाब. शबूद चुकला आसंल माजा. बोलनं न्हाय चुकलं."

हे कागदावर नव्हतं. पूनम गांगरली. थोडे लोक हसले, मग ते पण थांबले. पुढचं वाक्य दीपकचं होतं, त्यानं बिचाऱ्यानं सावरून घेतलं आणि प्रवेश पार पडला. टाळ्या बऱ्या पडल्या.

खाली उतरले तर भूगोलाचे सर पुढे आले. "मॅडम, काय नक्कल केलीत हो. अगदी हुबेहूब."

मी म्हणाले, "नक्कल न्हवती सर. मी मंगळवेढ्याकडली हाय. आमच्यात आसंच बोलत्यात."

सर पुन्हा खदखदून हसले. त्यांना वाटलं अजून चालूच आहे. मी तिथेच उभी राहिले, लुगड्यात, आणि दुसऱ्यांदा सांगायचं धाडस झालं नाही. शुभदा मॅडम जरा अंतरावर होत्या. त्यांनी येऊन नुसता माझा हात धरला आणि चहाकडे नेलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मुलाखती पुढे ढकलल्या. तारीख नंतर कळवणार. आश्चर्य म्हणजे मला काही वाटलं नाही.

अंबुबाई तासाला येते. मागच्या बाकावर बसते, लिहून घेते. प्रश्न विचारला तर उठत नाही. मी तिला गाठायचं ठरवते आणि तास संपला की ती दुसऱ्या दारानं गेलेली असते. अंतर्गत गुण मी कालच भरले. तिला जेवढे पडायचे तेवढेच दिले, वर्गात सर्वात जास्त. पण तिला आता त्याचा भलताच अर्थ लागेल अशी भीती वाटते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तिसऱ्या वर्षाला स्पेशल विषय कोणता घेणार, याचे अर्ज आले. ऑगस्टमध्ये पसंती विचारली होती, त्या यादीत अंबुबाईच्या नावापुढे इंग्रजी होतं. आता विषय बदलाच्या अर्जांत तिचं नाव आहे. भूगोल.

दुपारी ती ग्रंथालयाबाहेरच्या कट्ट्यावर बसलेली सापडली. मी जाऊन शेजारी बसले. कसं बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं.

"अंबुबाई, भूगोल का गं घेतलास? इंग्रजीचं काय झालं?"

ती उठून उभी राहिली. "मला भूगोल आवडतो, मॅडम."

'मॅडम' म्हणाली. 'म्याडम' नाही.

"बस की. माजं चुकलं बग. तुला दाशी दिली ते चुकलं, स्टाफरूममदी तुजं बोलनं करून दावलं ते चुकलं. आन गुनांचं बोलले ते तर लईच चुकलं."

ती बसली, पण मधे हातभर जागा ठेवून. "ठीक आहे, मॅडम."

"नाटकाला आली हुतीस?"

"आले होते. मागे दाराजवळ उभी होते."

"मग?"

तिनं पिशवी मांडीवर घेतली. घाई नव्हती तिला. "मला जिथे हसायचे तिथेच तुम्हालाही हसले. पण खाली उतरल्यावर तुम्ही पुन्हा मॅडम झालात. तुम्हाला दोन्ही येतं. मला एकच येत होतं." प्रत्येक अक्षर जागच्या जागी होतं. 'ण' सुद्धा. कोणीतरी आरशासमोर उभं राहून केलेलं काम मला कळतं. "आता दुसरं शिकतेय. ते आधी होऊ दे. इंग्रजीचं नंतर बघेन."

"आन पयलं?"

"ते घरी बोलते की."

तेवढा एक 'की' राहून गेला होता. 

मला सांगायचं होतं, असं करू नकोस, मी पंधरा वर्षं हेच केलंय, त्यात काय काय जातं ते मला विचार. पण ते कोणत्या तोंडानं सांगणार? तिला आरशापुढे मीच उभं केलंय. मी विचारलं, वडील कसे आहेत. म्हणाली, बरे आहेत, मेंढरं घेऊन माळशिरसकडे गेलेत, तिकडे उसाची शेतं मोकळी झालीत.

मग तिनं पिशवीतून एक कागद काढला. विषय बदलायचा तर आधीच्या विषयाच्या शिक्षकांची सही लागते. त्यासाठीच ती इथे बसली होती, मी ग्रंथालयातून बाहेर पडेन म्हणून. मी तिला शोधत होते आणि ती मला.

कट्ट्यावर कागद ठेवला तर वाऱ्यानं उडायला लागला. तिनं दोन्ही हातांनी कोपरे दाबून धरले. मी सही केली, खाली तारीख घातली. तिनं सही वाळेपर्यंत फुंकर मारली, कागद घडी न घालता वहीत ठेवला आणि म्हणाली, "येते, मॅडम. साडेतीनची गाडी आहे."